'धन्यवाद' म्हणण्याआधी : वेब फॉर्ममधून आलेली फाइल कशी स्वीकारावी

आजचा विषय तसा कोरडा वाटेल. वेब फॉर्ममधून कुणी फाइल पाठवली, तर सर्व्हरवरच्या आपल्या कोडनं ती कशी घ्यायची, कशी तपासायची आणि कुठे ठेवायची. पण मी हा विषय पुस्तकातून शिकलो नाही, एका फोनमुळे शिकलो. म्हणून आधी तो फोन सांगतो.

फौजेतून निवृत्त झाल्यावर मी महूला राहायला लागलो. हाताशी वेळ होता, पीएचपी शिकलो. आमच्या माजी सैनिकांचं एक छोटं मंडळ आहे. जवानांच्या मुलांना शिक्षणासाठी ते दरवर्षी थोडी मदत देतं. सभासद बऱ्याच राज्यांत विखुरलेले, त्यामुळे अर्ज टपालानं यायचे, उशिरा यायचे, कधी गहाळ व्हायचे. मी म्हटलं, ऑनलाइन फॉर्म करू. नाव, पत्ता आणि तीन कागदांचे फोटो : गुणपत्रिका, बँकेचं पासबुक, वडिलांचं डिस्चार्ज बुक. आठवड्याभरात फॉर्म तयार झाला. घरी बसून तपासला, व्यवस्थित चालला. मंडळात माझं कौतुकही झालं.

अर्जांची मुदत संपल्यावर फोन आला. सातारा जिल्ह्यातल्या डोंगराकडच्या एका गावातून, एका जवानाच्या पत्नीचा. जवान आता हयात नाही. त्या म्हणाल्या, "साहेब, मुलीचा अर्ज कागद नाहीत म्हणून बाजूला ठेवलाय म्हणतात. पण मी तर तिन्ही कागद टाकले होते."

मी विचारलं, "ताई, नक्की गेले होते का?"

"गावात रेंज नाही, म्हणून वर टाकीपाशी जाऊन टाकले. चार वेळा मधेच तुटलं. पाचव्यांदा तुमच्या साइटनं 'धन्यवाद, आपला अर्ज मिळाला' म्हटलं, तेव्हाच खाली आले."

मी नोंदी उघडल्या. अर्ज होता. तिन्ही फायलींची नावंही लिहिलेली होती. पण फाइल एकही नव्हती. माझ्या कोडनं काहीही न घेता त्यांना धन्यवाद म्हटलं होतं. शोधल्यावर तसे आणखी अकरा अर्ज सापडले. समितीनं ते सगळे पुन्हा घेतले, ताईंच्या मुलीला मदतही मिळाली. पण फीची तारीख कुणासाठी थांबत नाही. तोवर त्यांनी दिराकडून उसने पैसे घेऊन फी भरली होती.

फौजेत स्टोअरला सामान आलं की आधी मोजायचं, तपासायचं, जागेवर लावायचं, लेजरमध्ये चढवायचं आणि मग पावतीवर सही करायची. सही आधी आणि मोजणी नंतर, असं एखाद्या हवालदारानं केलं असतं तर मी त्याला उभा करून विचारलं असतं. माझ्या कोडनं नेमकं तेच केलं होतं. तेव्हा आजचं सगळं बोलणं या एका क्रमाबद्दल आहे.

आधी फाइल येते कशी, ते पाहू. सुरुवातीच्या काळात वेब फॉर्ममधून फक्त मजकूर जायचा. फाइल पाठवण्याची सोय सुचवणारा दस्तऐवज नोव्हेंबर १९९५ मध्ये आला. त्याचा क्रमांक आरएफसी १८६७, आणि लिहिणारे झेरॉक्स कंपनीतले अर्नेस्टो नेबेल आणि लॅरी मॅसिंटर. आज आपण फॉर्ममध्ये 'फाइल निवडा' असं बटण देतो, त्याचं मूळ तिथे आहे. त्या पद्धतीचं सध्याचं वर्णन आरएफसी ७५७८ मध्ये आहे, २०१५ सालचं. तेही मॅसिंटर यांनीच लिहिलेलं.

पद्धत सोपी आहे. एकाच ट्रकमध्ये वेगवेगळी पोती भरली आहेत, अशी कल्पना करा. दोन पोत्यांच्या मध्ये एक खूण ठेवलेली असते आणि प्रत्येक पोत्यावर चिठ्ठी असते : हे 'नाव', हा 'पत्ता', हे 'पासबुक' आणि या फाइलचं नाव अमुक. या प्रकाराला 'मल्टिपार्ट फॉर्म-डेटा' म्हणतात. फॉर्मच्या टॅगमध्ये दोन गोष्टी लिहाव्या लागतात. मेथड 'पोस्ट' हवी आणि 'एनक्टाइप' या गुणधर्मात 'मल्टिपार्ट फॉर्म-डेटा' हवं. नवशिके बहुतेक वेळा दुसरी गोष्ट विसरतात. मग फाइल जातच नाही, फक्त तिचं नाव मजकूर म्हणून जातं. अपलोड होत नाही अशी तक्रार आली की मी सगळ्यात आधी ही ओळ पाहतो.

ट्रक सर्व्हरवर पोचला की पीएचपी पोती उघडतं आणि फायली एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये उतरवतं. मगच तुमचा कोड सुरू होतो. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. कोडच्या हातात प्रत्येक फाइलची एक छोटी नोंद येते. त्यात मुख्य पाच गोष्टी असतात : मूळ नाव, प्रकार, तात्पुरती जागा, आकार आणि एक त्रुटी क्रमांक. कोड संपेपर्यंत तुम्ही फाइल तिथून हलवली नाही, तर पीएचपी ती पुसून टाकतं.

आता या पाचांपैकी कोणत्या गोष्टींवर विश्वास ठेवायचा? आकार, तात्पुरती जागा आणि त्रुटी क्रमांक तुमच्या सर्व्हरनं भरलेले आहेत. पण नाव आणि प्रकार पाठवणाऱ्याकडून आलेले आहेत. ट्रकवाल्यानं पोत्यावर 'तांदूळ' लिहिलं म्हणून आत तांदूळ आहे असं होत नाही. मी माझ्या पहिल्या कोडमध्ये हा 'प्रकार' वाचूनच फाइल आत घेत होतो. 'इमेज जेपेग' लिहिलंय ना, मग घ्या. ब्राउझर ही चिठ्ठी सहसा प्रामाणिकपणे लिहितो, पण ब्राउझर न वापरता कुणीही हवी ती चिठ्ठी लिहून फाइल पाठवू शकतो.

पण ताईंच्या बाबतीत घुसखोरी नव्हती. त्यांची अडचण पाचव्या गोष्टीत होती, त्रुटी क्रमांकात. मी तो वाचतच नव्हतो.

त्रुटी क्रमांक शून्य असेल तर फाइल नीट आली. १ म्हणजे सर्व्हरच्या सेटिंगमधल्या मर्यादेपेक्षा फाइल मोठी. २ म्हणजे फॉर्ममध्ये लिहिलेल्या मर्यादेपेक्षा मोठी. ३ म्हणजे अर्धवटच आली. ४ म्हणजे फाइल निवडलीच नाही. ५ हा क्रमांक वापरात नाही. ६ म्हणजे तात्पुरतं फोल्डरच जागेवर नाही. ७ म्हणजे डिस्कवर लिहिता आलं नाही. ८ म्हणजे पीएचपीच्या एखाद्या जोड-भागानं अपलोड थांबवलं.

पीएचपीमध्ये एका फाइलची मूळ मर्यादा २ एमबी असते आणि सगळा फॉर्म मिळून ८ एमबी. मी घरी तपासणी केली ती स्कॅनरवर काढलेल्या तीनशे केबीच्या फायली वापरून. ताईंनी फोनवर फोटो काढले, प्रत्येक साधारण अडीच एमबीचा. तिन्ही मिळून साडेसात. म्हणजे ट्रक गेटमधून आत आला, नाव-पत्ता पोचला, पण तिन्ही फोटो क्रमांक १ होऊन अडकले. त्यांची नावं तेवढी नोंदीत राहिली. माझ्या कोडनं ती नावं डेटाबेसमध्ये लिहिली, फाइल हलवायचा आदेश दिला, आदेश फसला हे पाहिलंच नाही, आणि धन्यवाद म्हणून मोकळा झाला.

ज्यांचे फोन अधिक भारी होते त्यांची गत याहून वाईट. चार-चार एमबीचे तीन फोटो म्हणजे बारा एमबी. एकूण मर्यादा ओलांडली की पीएचपी मजकूरही देत नाही आणि फायलीही देत नाही. दोन्ही रकाने रिकामे. माझ्या कोडला वाटायचं, कुणी नुकताच फॉर्म उघडलाय, आणि तो पुन्हा कोरा फॉर्म दाखवायचा. या लोकांची नोंदसुद्धा राहिली नाही. म्हणून आता मी आधी हे तपासतो : विनंती 'पोस्ट' प्रकारची आहे, तिची लांबी शून्याहून जास्त आहे आणि तरी सगळं रिकामं आहे, तर समजायचं की सामान जास्त झालं, आणि तसं स्पष्ट सांगायचं.

या मर्यादा कुठे वाढवायच्या? कोडच्या आत लिहून उपयोग नसतो, कारण कोड सुरू होईपर्यंत फाइल येऊन गेलेली असते. पीएचपीच्या सेटिंग फाइलमध्ये दोन्ही मर्यादा वाढवा, एकूण मर्यादा सगळ्या फायलींच्या बेरजेपेक्षा थोडी जास्त ठेवा. आणि पीएचपीच्या पुढे एन्जिनएक्स उभा असेल तर त्याची मर्यादा वेगळी. ती मुळात फक्त १ एमबी असते आणि तिथे अडलं तर ४१३ क्रमांकाची चूक दिसते, तुमच्या कोडपर्यंत काही येतच नाही. गेट किती आहेत ते मोजा आणि प्रत्येक गेटवर एकच हुकूम पोचलाय ना, ते बघा. मी एका फोटोला १० एमबी आणि एकूण ३५ एमबी ठेवले आहेत.

मात्र मर्यादा वाढवली म्हणून काम संपत नाही. टाकीपाशी उभ्या असलेल्या बाईंनी साडेसात एमबी पाच वेळा पाठवायचा प्रयत्न केला. सर्व्हर 'मोठी आहे' म्हणतो तेव्हा फाइल आधीच वाटेनं आलेली असते, म्हणजे डेटा आणि वेळ दोन्ही खर्च झालेले असतात. म्हणून आकाराची पहिली तपासणी ब्राउझरमध्येच, जावास्क्रिप्टनं करा. फाइल निवडल्याक्षणी तिचा आकार कळतो. त्याच्यापुढे जाऊन, फोटो पाठवण्याआधीच ब्राउझरमध्ये लहान करता येतो. गुणपत्रिकेवरचे आकडे वाचता आले म्हणजे झालं, त्यासाठी कॅमेऱ्याचा पूर्ण आकार लागत नाही. तिन्ही फायली एकदम मागण्याऐवजी एकेक घ्या, म्हणजे रेंज तुटली तर एकच पुन्हा पाठवावी लागेल.

पण ब्राउझरमधली तपासणी ही सोय आहे, पहारा नाही. ती बंद करता येते, टाळता येते. पहारा सर्व्हरवरच.

आणि संदेश मराठीत, माणसाला कळेल असा लिहा. 'एरर १' असं दाखवू नका. 'पासबुकाचा फोटो फार मोठा आहे. १० एमबीपेक्षा लहान फोटो निवडा. बाकीचे दोन कागद आमच्याकडे पोचले आहेत, ते पुन्हा पाठवू नका' असं लिहा. क्रमांक ६ आणि ७ तर सरळ आपले दोष आहेत. तिथे पाठवणाऱ्याला दोष न देता 'आमच्या बाजूनं अडचण आली आहे' असं सांगा आणि व्यवस्थापकाला लगेच ईमेल जाऊ द्या.

ताईंच्या फोननंतर मी सगळा कोड पुन्हा वाचायला बसलो, आणि एकेक करून बाकीच्या चुका दिसू लागल्या.

दुसरी चूक नावाची. मी फाइल मूळ नावानंच ठेवत होतो. दोन मुलांनी 'मार्कशीट' याच नावाची फाइल पाठवली तर दुसरी पहिलीवर चढायची, एक शब्दही न बोलता. एका मुलीच्या अर्जाला दुसऱ्याच मुलाची गुणपत्रिका जोडलेली मला सापडली. मुदतीच्या आत सापडली म्हणून निभावलं. पीएचपीचं फाइल हलवणारं फंक्शन त्याच नावाची जुनी फाइल असेल तर ती पुसून टाकतं, विचारत नाही.

उपाय असा. साठवताना नाव आपण द्यायचं. पीएचपी ७ पासून 'रँडम बाइट्स' हे फंक्शन आहे. त्यातून सोळा बाइट घ्या, त्यांचा अक्षर-अंकांचा संच करा, तेच फाइलचं नाव. मूळ नाव डेटाबेसमध्ये वेगळ्या रकान्यात ठेवा, फक्त दाखवण्यापुरतं. दाखवतानाही जपून, कारण फाइलच्या नावातसुद्धा कुणी एचटीएमएल घुसवू शकतो. त्यामुळे पानावर छापण्याआधी ते निष्प्रभ करून घ्या. नाव आपण देण्याचा आणखी एक फायदा म्हणजे नावात टिंब-टिंब आणि तिरकी रेघ घालून दुसऱ्याच फोल्डरमध्ये शिरायचा डाव आपोआप बंद होतो.

तिसरी चूक पाहून मात्र मला घाम फुटला. मी फायली साइटच्या उघड्या भागातच 'अपलोड्स' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवत होतो. एका रात्री मीच माझ्या साइटवर हल्ला करून पाहिला. दोन ओळींची पीएचपी फाइल लिहिली, जी फक्त सर्व्हरची वेळ दाखवेल. चिठ्ठीवर प्रकार लिहिला 'इमेज जेपेग' आणि पाठवली. माझ्या संतरीनं चिठ्ठी वाचली आणि सलाम करून आत सोडलं. मग ब्राउझरमध्ये त्या फाइलचा पत्ता टाकला. पडद्यावर सर्व्हरची वेळ आली.

याचा अर्थ समजून घ्या. माझ्या सर्व्हरनं एका अनोळखी माणसाचा कोड चालवला. मी वेळ विचारली. दुसरा कुणी डेटाबेसचा पासवर्ड विचारेल, सगळ्या फायली उचलून नेईल किंवा माझ्याच साइटवरून दुसऱ्यांवर हल्ले करेल. अशा फाइलला 'वेब शेल' म्हणतात. साइट ताब्यात घेण्याचा हा जुना आणि आजही चालणारा मार्ग आहे. सुरक्षेच्या त्रुटींच्या जागतिक यादीत याला स्वतंत्र क्रमांक आहे, सीडब्ल्यूई-४३४.

त्याच रात्री दुसरी गोष्ट कळली. फोल्डर उघडं असल्यामुळे पत्ता ठाऊक असलेल्या कुणालाही पासबुकाचा फोटो लॉगिनशिवाय दिसत होता. नावंही मूळचीच, अंदाज करायला सोपी. ज्या कागदावर एखाद्या विधवेचा खाते क्रमांक आहे, तो मी रस्त्यावर टांगून ठेवला होता. सुदैवानं सर्व्हरच्या लॉगमध्ये बाहेरच्या कुणी त्या फायली उघडल्याची नोंद नव्हती. त्याच रात्री फॉर्म बंद केला आणि सकाळी समितीला फोन करून सगळं सांगितलं. चूक लपवून तिच्यावर पहारा बसवता येत नाही.

नंतर जे नव्यानं बांधलं ते क्रमानं सांगतो.

पहिली पायरी, त्रुटी क्रमांक. शून्य नसेल तर तिथेच थांबा आणि कारण सांगा.

दुसरी पायरी, आकार. सर्व्हरनं मोजलेला आकार आपल्या मर्यादेत आहे का, आणि फाइल रिकामी तर नाही ना.

तिसरी पायरी, खरा प्रकार. प्रत्येक प्रकारच्या फाइलच्या सुरुवातीला ठरावीक बाइट असतात. जेपेग फाइल सोळाच्या पद्धतीत एफएफ, डी८, एफएफ अशी सुरू होते. पीएनजीमध्ये पहिल्या बाइटनंतर पी, एन, जी ही अक्षरंच असतात. पीडीएफची सुरुवात टक्क्याची खूण आणि पी-डी-एफ अशी. पीएचपीचं 'फाइलइन्फो' हे साधन आतला मजकूर पाहून प्रकार सांगतं. आपली यादी 'काय घ्यायचं' अशी ठेवा. 'काय घ्यायचं नाही' अशी यादी कधीच पुरी होत नाही. माझ्या यादीत तीनच प्रकार आहेत : जेपेग, पीएनजी, पीडीएफ. एसव्हीजी हे चित्र असलं तरी त्याच्या पोटात स्क्रिप्ट असू शकते, म्हणून नाही. फाइलचं शेवटचं आडनाव, म्हणजे एक्स्टेंशन, या यादीवरूनच आपण लावायचं, पाठवणाऱ्याचं घ्यायचं नाही.

आयफोनवाल्यांची एक अडचण येते. आयओएस ११ पासून तो फोन 'हेइक' प्रकारात फोटो ठेवू शकतो. अशी फाइल आली तर 'चुकीची फाइल' म्हणून हाकलू नका. एक तर ती बदलून घ्यायची सोय करा, नाहीतर कसा फोटो पाठवायचा ते सांगा.

चौथी पायरी, फोटो पुन्हा घडवणं. सुरुवातीचे बाइट बरोबर असूनही फाइलच्या पोटात दुसरं काही लपवता येतं. म्हणून मी फोटो उघडतो आणि नव्या जेपेग फाइलमध्ये पुन्हा लिहून घेतो. चित्र राहतं, बरोबरचं बहुतेक सामान गळून पडतं. फोनच्या फोटोत 'एक्झिफ' माहिती असते आणि तिच्यात कधी कधी फोटो काढल्याची जागाही असते, अक्षांश-रेखांशासह. ताईंचं घर कुठे आहे हे गुणपत्रिकेच्या फोटोतून कळण्याचं काहीच कारण नाही, तेही निघून जातं.

इथे मी दोनदा ठेचकाळलो. फोटो आडवा की उभा, ही माहितीही एक्झिफमध्येच असते. ती गेली आणि सगळ्या गुणपत्रिका आडव्या झाल्या, समितीचे लोक मान वाकडी करून वाचायला लागले. म्हणून आधी ती माहिती वाचून फोटो फिरवा, मग पुन्हा लिहा. दुसरी ठेच मेमरीची. फाइल तीन एमबीची असली तरी उघडल्यावर प्रत्येक बिंदूला साधारण चार बाइट लागतात. ४००० गुणिले ३००० बिंदूंचा फोटो म्हणजे जवळपास ४८ एमबी. कुणी मुद्दाम छोट्या फाइलमध्ये प्रचंड लांबी-रुंदीचं चित्र पाठवलं तर सर्व्हर बसेल. म्हणून उघडण्याआधी लांबी-रुंदी वाचा आणि तिलाही मर्यादा घाला. पीडीएफ असं पुन्हा घडवणं सोपं नाही. ती क्लॅमएव्हीसारख्या व्हायरस तपासणाऱ्या साधनातून जाऊ द्या आणि उघडताना सर्व्हरवर न उघडता डाउनलोड म्हणूनच द्या.

पाचवी पायरी, जागा. फायली साइटच्या उघड्या भागाच्या बाहेरच्या फोल्डरमध्ये ठेवा, जिथे ब्राउझरचा कुठलाही पत्ता पोचत नाही. कोड चालवण्याचा प्रश्नच मिटतो. फाइल दाखवायची झाली तर एक वेगळी स्क्रिप्ट लिहा. मागणारा लॉगिन झालाय का, हा अर्ज पाहायचा त्याला अधिकार आहे का, हे ती तपासेल आणि मगच फाइल देईल. देताना प्रकार आपण सांगायचा आणि ब्राउझरनं स्वतःचा अंदाज लावू नये म्हणून 'नोस्निफ' ही सूचना जोडायची. कुणी कधी कोणती फाइल पाहिली याची नोंदही ठेवा, आमच्या गेटवरच्या रजिस्टरसारखी.

सहावी पायरी, नोंद. तिन्ही फायली जागेवर पोचल्या याची खात्री झाल्यावरच डेटाबेसमध्ये अर्ज लिहा. तिथे लिहिताना चूक झाली तर आणलेल्या फायली पुसून टाका, म्हणजे बेवारस कागद पडून राहणार नाहीत. कुणी घाईत बटण दोनदा दाबलं तर दोन अर्ज होऊ नयेत, म्हणून फॉर्म उघडतानाच एक क्रमांक द्या आणि तो एकदाच स्वीकारा.

आणि सातवी पायरी, पावती. 'धन्यवाद' हा शब्द इथे, शेवटी. आता आमची साइट नुसतं धन्यवाद म्हणत नाही. तिन्ही कागदांची यादी दाखवते, प्रत्येकापुढे 'मिळाला' असं लिहिते आणि पोचलेल्या फोटोची छोटी प्रतिमाही दाखवते. ती प्रतिमा सर्व्हरवर साठवलेल्या फाइलमधून येते. पाठवणाऱ्याच्या डोळ्यांना दिसतं, की माझा कागद तिथे आहे, सरळ आहे आणि वाचता येतोय.

काम झाल्यावरची एक गोष्ट राहिली. मदत वाटून झाली की पासबुकाचे फोटो ठेवायचं कारण संपतं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचाही रोख हाच आहे, की ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपलं की ती पुसावी. आमच्याकडे तारीख ठरलेली आहे, त्या दिवशी फायली जातात, बॅकअपमधूनही जातात. गरज नसलेला कागद मुळात मागूच नका. डिस्चार्ज बुकाचं एकच पान लागत असेल तर एकच मागा.

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल, एवढ्याशा फॉर्मसाठी केवढा पहारा. माझं म्हणणं एवढंच, की आलेल्या फाइलवर पूर्ण संशय घ्या आणि पाठवणाऱ्या माणसाला पूर्ण मान द्या. पहिल्या कोडमध्ये माझं उलटं झालं होतं. चिठ्ठी वाचून मी कुठलीही फाइल आत घेत होतो आणि टाकीपाशी उभ्या असलेल्या बाईंना खरं काय झालं तेही सांगत नव्हतो.

तुम्ही असा फॉर्म लिहिला असेल तर आज संध्याकाळी एवढं करा. तुमच्या स्कॅनरची फाइल बाजूला ठेवा. फोननं काढलेला मोठ्यात मोठा फोटो पाठवा. मग रिकामी फाइल पाठवा. एकाच नावाच्या दोन पाठवा. वेळ दाखवणारी दोन ओळींची पीएचपी फाइल फोटोच्या नावाखाली पाठवा. अपलोड चालू असताना मधेच नेट बंद करा. प्रत्येक वेळी दोनच गोष्टी बघा : सर्व्हरवर काय पोचलं आणि पडद्यावर काय लिहून आलं. दोन्ही जुळत नसतील, तर तुमच्याही साइटवर कुणाचा तरी अर्ज अडकलेला असण्याची शक्यता आहे.

गेल्या वर्षी ताईंनी धाकट्या मुलाचा अर्ज भरला. तो पहिल्याच वेळी गेला. फोन आला तेव्हा मला वाटलं, काही बिघडलं असेल. त्या म्हणाल्या, "नाही साहेब, या वेळेस फोटो दिसला. म्हणून सांगायला केला." मी म्हटलं, "ताई, आता धन्यवाद मी म्हणतो."

एवढंच सांगायचं होतं. जय हिंद.